थोडं डावीकडे सरकायला हवं होतं

वसईत रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला किल्ल्याच्या रस्त्यावर गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस भेटला, तर त्याच्याशी कशाबद्दलही बोलावं. पाणी आलं का, रस्ता कधी होणार, वेलची केळी काय डझन. फक्त "काय, फोटो कसे आले?" एवढं विचारू नये. तो भर रस्त्यात उभा राहतो, कॅमेरा सुरू करतो, मागच्या पडद्यावर हाताची सावली धरतो आणि म्हणतो, "अगदी स्पष्ट सांगा हं. कौतुक नको. चुका सांगा, त्याशिवाय शिकणार कसं?"

या बोलण्यावर विश्वास ठेवून ज्यांनी खरोखर चुका सांगितल्या, ते लोक आता स्टेशनच्या पुलावर समोरासमोर आले की एकदम मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागतात.

वसई-विरारात हौशी फोटोग्राफर उदंड आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सगळा पश्चिम किनारा समोर आहे. सूर्य रोज बुडतो, त्याला तिकीट नाही. कळंब, राजोडी, भुईगाव, सुरुची बाग, जिथे उभे राहाल तिथे सुरूची झाडं आणि त्यामागे तांबडं आकाश. किल्ला हवा तर वसईचा आहे, पाण्यातला हवा तर अर्नाळ्याचा. डोंगर हवा तर जीवदानी, जंगल हवं तर तुंगारेश्वर, पक्षी हवे तर मिठागरं. एवढं सगळं हाताशी असताना माणूस कॅमेरा घेणार नाही तर काय करील? आणि कॅमेरा घेतला की फोटो येतात, फोटो आले की ते दाखवावे लागतात. खरा उपद्रव इथून पुढे सुरू होतो.

आमचं एक मंडळ आहे. नोंदणी नाही, घटना नाही, पण अध्यक्ष आहेत आणि दोन गट आहेत. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. बाकी चित्रकलेचे एक सर, औषधाच्या दुकानाचे मालक, केळीची वाडी असलेले एक अंकल (ज्यांच्याकडे सगळ्यात लांब लेन्स आहे आणि जे सगळ्यात कमी बोलतात), रोज चर्चगेट गाठणाऱ्या एक ताई आणि संगणकात काम करणारी दोन-चार मुलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी माणिकपूरमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. प्रोजेक्टर भाड्याचा. पडदा नाही, भिंत आहे. त्या भिंतीला उजवीकडे वर ओलीमुळे एक पोपडा आलाय, तो प्रत्येक फोटोच्या आभाळात दिसतो. नवा सभासद पहिल्याच बैठकीत तो हेरतो आणि "तुमच्या सेन्सरवर डाग आहे" असं बाणेदारपणे सांगतो. जुने सभासद काही बोलत नाहीत. काही जणांनी तर त्या पोपड्यापायी मुंबईला जाऊन सेन्सर साफ करून आणला आहे.

अध्यक्षांनी सुरुवातीलाच फळ्यावर लिहिलं होतं : "टीका विधायक असावी. टीका फोटोवर असावी, माणसावर नाही." शिवाय एक नियम केला. आधी फोटोतलं चांगलं सांगायचं, मग सुधारणा सुचवायची, आणि हे सगळं होईपर्यंत फोटो काढणाऱ्याने गप्प बसायचं. नियम उत्तम आहे. फक्त पहिल्या पायरीवर, म्हणजे चांगलं सांगायच्या ठिकाणी, बरेच जण अडतात. समोर गुलाबी ढगांचा पन्नासावा फोटो आहे, काहीतरी चांगलं तर म्हणायलाच हवं. मग कोणी म्हणतं, "एवढ्या पहाटे उठलात, हेच मोठं." कोणी म्हणतं, "रंग आलेत." औषधवाले एकदा बराच वेळ भिंतीकडे पाहून म्हणाले, "फोटो मोठा दिसतोय." तो प्रोजेक्टरचा गुण होता, पण नियम पाळला गेला.

दुसऱ्या पायरीवर मात्र कोणीच अडत नाही.

सुधारणा सुचवणाऱ्यांत पहिला मान क्षितिजवाल्यांचा. आमचे अध्यक्ष याच पंथाचे. समुद्राचा फोटो भिंतीवर आला की ते मान किंचित तिरकी करतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात, "कललंय." आयुष्यभर खतावण्या जुळवलेल्या माणसाला समुद्राचा ताळेबंद जुळत नसेल तर झोप लागत नाही. एकदा अर्नाळ्याच्या धक्क्यावरून भर भरतीत होडीत चढतानाचा फोटो एका मुलाने आणला. होडी कललेली, माणसं कललेली, एका बाईच्या डोक्यावरची टोपली तर जवळजवळ आडवी. बघताना आपण नकळत खुर्चीचा हात धरावा, असा फोटो. अध्यक्ष म्हणाले, "छान आहे, पण सरळ करून घ्या."

त्यानंतर चित्रकलेचे सर. यांची भिस्त तृतीयांशाच्या नियमावर. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करायचे आणि मुख्य वस्तू रेषा छेदतात तिथे ठेवायची. सर खिशातून पट्टी काढून भिंतीपाशी जातात आणि प्रकाशाच्या झोतात उभे राहून मोजतात, तेव्हा निम्मा फोटो सरांच्या सदऱ्यावर पडलेला असतो. हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1797 साली ग्रामीण देखाव्यांवरच्या पुस्तकात लिहून ठेवला. त्या वेळी कॅमेऱ्यातून कागदावर टिकाऊ चित्र उतरवणं कोणाला जमलेलं नव्हतं. फ्रान्सने डगेरची फोटो काढायची पद्धत जगापुढे ठेवली ती 19 ऑगस्ट 1839 रोजी. म्हणजे फोटो जन्माला यायच्या चाळीस-बेचाळीस वर्षं आधीच त्यात काय चुकलंय हे ठरलेलं होतं. टीका कलेच्या मागून येते असं म्हणतात. ते आमच्या सरांना मान्य नाही.

तिसरे "मी असतो तर"वाले. "मी असतो ना, तर दोन पावलं डावीकडे सरकलो असतो." ही सूचना आमच्याकडे इतकी होते की मंडळाचं ते बोधवाक्य व्हावं. आता तो फोटो चिंचोटीच्या धबधब्यावरचा असतो आणि डावीकडे दोन पावलांवर कडा असतो. किंवा मिठागराच्या बांधावरचा असतो आणि डावीकडे गुडघाभर चिखल असतो. सुचवणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नाही. तो हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, हातात बटाटेवडा धरून, सरकून मोकळा झालेला असतो.

आणि कातरीवाले. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या ताणून हवेत चौकोन करायचा, एक डोळा मिटून त्यातून भिंतीकडे बघायचं आणि तो चौकोन हळूहळू लहान करत आणायचा. "हे आकाश नको. हे झाड नको. हा माणूस तर नकोच." शेवटी चौकोनात एक बगळा उरतो. मग बगळ्याचा पाय नको होतो. गेल्या वर्षी एकाने पाचशे रुपये देऊन मोठी छापून आणलेली देखाव्याची प्रत या चर्चेत पासपोर्टच्या आकाराला आली.

या सगळ्यांच्या सूचना एकत्र केल्या की एक गंमत लक्षात येते. वसईच्या फोटोतून आम्ही काय काय काढायला सांगतो? विजेच्या तारा काढा. मागची टोलेजंग इमारत काढा. गच्चीवरच्या काळ्या टाक्या काढा. पाण्याचा टँकर तर आधी काढा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक काढा, त्यातले गॉगलवाले दादा काढा, निळं ताडपत्रीचं छप्पर काढा. संगणकात काम करणारी मुलं या कामात पटाईत आहेत. बोट फिरवलं की टँकर गायब. एवढं सगळं काढून झाल्यावर जे उरतं ते सुंदर असतं, यात शंका नाही. फक्त ते केरळ आहे की गोवा, एवढाच प्रश्न उरतो. जीवदानीच्या पायऱ्या चढून वरून विरारचा फोटो काढायचा आणि त्यातून इमारती वजा करायच्या, म्हणजे 3 जुलै 2009 ला स्थापन झालेली महानगरपालिका एका बोटाने बरखास्त करण्यासारखं आहे. ते काम आमच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा होतं.

किल्ल्याचा फोटो असला तर मात्र टीका होतच नाही. म्हणजे सुरू होते, पण वळते. भिंतीवर पडक्या चर्चची कमान येते. कोणी म्हणतो, "सावल्या जरा गडद झाल्यात, हे डोमिनिकनांचं ना?" दुसरा म्हणतो, "फ्रान्सिस्कनांचं." तिसरा म्हणतो, "छे, जेझुइटांचं. तिन्ही वेगळी आहेत." सावल्या राहतात बाजूला. मग अपरिहार्यपणे 1739 येतं, चिमाजी आप्पा येतात, सुरुंग येतात, वेढा येतो. मग वसईतून गेलेल्या घंटा निघतात : नाशिकच्या नारोशंकराची, भीमाशंकरची, आणखी कुठकुठली. ज्याने फोटो आणला तो बिचारा नियमाप्रमाणे गप्प बसलेला. चिमाजी आप्पांनी किल्ला घेईपर्यंत प्रोजेक्टरचा दिवा तापून बंद पडतो. किल्ल्याच्या फोटोवर आजवर कोणाचं मन दुखावलेलं नाही ते यामुळे, आणि म्हणून नवशिक्यांना मी किल्लाच सुचवतो.

किल्ल्यातल्या फोटोंच्या अडचणी तशा वेगळ्याच असतात. वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली, ट्रायपॉड लावायचा तर परवानगी काढावी लागते. म्हणून आमचे लोक श्वास रोखून, कमानीला टेकून, कधी एकमेकांच्या खांद्यावर कॅमेरा ठेवून फोटो काढतात. त्यात लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी. कुठूनही कॅमेरा रोखा, कोपऱ्यात दोन-तीन हात लांबीचा जांभळा घागरा येतोच. त्यावर बैठकीत टीका होते, "घागरा लक्ष वेधून घेतोय." अहो, तो त्याचसाठी शिवलाय.

मंडळाचं मनोधैर्य खचलं की अध्यक्ष इतिहास सांगतात, आणि तो इतिहास खरा आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली ती 1854 साली. डगेरची पद्धत जाहीर होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. साहेब लोकांच्या बरोबरीने आपली मंडळीही तिच्यात होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. सोसायटीच्या बैठकांत फोटो मांडले जात, त्यावर बोलणं होई. त्या काळात काचेवर ओलं रसायन पसरायचं आणि ते ओलं असेपर्यंत फोटो काढून, लगोलग अंधाऱ्या तंबूत धुऊनही घ्यायचा. कोकणातल्या उन्हात काच किती वेळ ओली राहणार? अशा माणसाला "दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतं" असं सांगणं म्हणजे तंबू, बाटल्या, काचा आणि दोन हमाल यांच्यासकट सरकायला सांगणं. माझी खात्री आहे, त्या बैठकांत सूचना बेताच्या होत असणार.

पुढे 1876 मध्ये जे. गर्सन द कुन्हा या गोव्याच्या डॉक्टरांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्यात वसईच्या अवशेषांची छायाचित्रं आहेत. म्हणजे ज्या कमानीखाली आमची मुलं रविवारी रांग लावतात, त्या किल्ल्याला कॅमेऱ्यापुढे उभं राहून दीडशे वर्षं होत आली. तेव्हाच्या फोटोंत घागरा नाही, हा एक मोठाच गुण. मग 1937 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आली, सलोन नावाच्या स्पर्धा आल्या, पदव्या आल्या. सलोनमध्ये प्रवेशशुल्क भरून फोटो पाठवायचे. ढिगाने फोटो येतात, परीक्षक एकेका फोटोकडे काही सेकंद बघतात आणि गुणांचं बटण दाबतात. फोटो स्वीकारला गेला की त्याला "ॲक्सेप्टन्स" म्हणतात. असे ॲक्सेप्टन्स पुरेसे जमले की नावामागे अक्षरं लावता येतात. आमच्यात एकाच्या नावामागे अशी अक्षरं आहेत. त्यांच्या फोटोवर टीका करताना आवाज आपोआप खाली येतो, आणि शेवटी "अर्थात तुम्हाला जास्त कळतं" हे जोडावं लागतं.

टीका म्हणजे काय असते, हे मला कळलं ते मात्र हॉलमधल्या अशा सूचनांतून नाही, चुकून बोलल्या गेलेल्या दोन-तीन वाक्यांतून.

एका मुलाने विरार लोकलच्या दाराचा फोटो आणला होता. दारात लटकलेली माणसं, उडणारे केस, मागे धूसर खाडी. अध्यक्षांनी क्षितिज तपासलं. सरांनी पट्टी लावली. कातरीवाल्यांनी डावीकडचा अर्धवट हात कापायला सांगितला. ताई इतका वेळ डबा उघडून सुकेळी वाटत होत्या. भिंतीकडे एकदा बघून म्हणाल्या, "ही दुपारची गाडी आहे." सगळे वळले. "शीर्षक दिलंय 'सकाळची विरार फास्ट'. सकाळच्या विरार फास्टच्या दारात दोन माणसांच्या मधून खाडी दिसते? माणसाच्या मधून माणूसच दिसतो." मुलगा नियम मोडून बोलला, "ताई, सकाळी कॅमेरा काढायला हात वर होत नाही." ताई म्हणाल्या, "मग तेच काढ ना." त्या महिन्यातली एवढी एकच सूचना अशी होती की जिचं काहीतरी करता आलं असतं.

तसंच आजींचं. आमच्या मंडळातल्या एकाने कुपारी समाजातल्या आपल्या शेजारच्या आजींचा फोटो काढला. खिडकीतून येणारा उजेड, तळहातावर टेकलेली हनुवटी, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. गौतम राजाध्यक्षांनी उभ्या चित्रसृष्टीच्या चेहऱ्यांवरून प्रकाश असा फिरवला की माणसं दहा वर्षांनी लहान दिसावीत; हौशी फोटोग्राफरची प्रतिज्ञा याच्या बरोबर उलट असते. फोटो अर्थात कृष्णधवल. हॉलमध्ये वाहवा झाली : पोत बघा, भाव बघा, काळ बघा. मग तो फोटो आजींना नेऊन दाखवला. आजींनी चष्मा लावला, फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "माझं लुगडं कुठं गेलं?" त्या दिवशी मुद्दाम ट्रंकेतून काढून नेसलेलं लाल लुगडं. कुपारी बाईचं लाल लुगडं राखाडी करणारा तो माणूस वसईत जन्मलेला आहे, हे इथे नमूद करून ठेवतो.

पण या सगळ्यावर कडी पाचूबंदरच्या मावशींची.

नावामागे अक्षरं असलेल्या आमच्या सभासदांनी पाचूबंदरला बोंबील सुकवणाऱ्या एका बाईंचा फोटो काढला होता. मावळतीचं सोनेरी ऊन, बांबूच्या आडव्या दांडीला ओळीने टांगलेले बोंबील, हात उंचावून शेवटचा बोंबील अडकवणाऱ्या मावशी, मागे सगळं विरघळलेलं. सलोनमध्ये स्वीकारला गेला. आमच्या हॉलमध्ये त्यावर पाऊण तास चर्चा झाली आणि "उजवीकडचा एक बोंबील चौकटीबाहेर जातोय" यापलीकडे कोणाला दोष सापडला नाही. ताईंनी विचारलं, "मावशींना दिलात का?" द्यायचा राहिला होता. मग मोठी प्रत छापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, एका रविवारी आम्ही चौघं-पाच जण ती द्यायला गेलो.

मावशी मासळीच्या टोपलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पहिली टीका फोटो बघायच्या आधीच केली. "आजपरतन् किती जनांनी काढलं फोटू. दिला कोनी नाय. तुमी आनला, बरं झालं." मग हात पदराला पुसून त्यांनी पुठ्ठा घेतला. लांब धरला, जवळ आणला. बराच वेळ बघितला. इतका वेळ त्या फोटोकडे परीक्षकांनी बघितलं नसणार, आम्हीही नाही, आणि खुद्द काढणाऱ्यानेही नाही. मग शेजारणीला हाक मारली. दोघींनी मिळून बघितला आणि दोघी हसायला लागल्या.

"काय झालं मावशी?"

"ह्यो बोंबील सुकलेला हाय."

"हो, म्हणजे... सुकतायत ना."

"सुकतायत नाय, सुकलेत. सुकलेला बोंबील परत कोन टांगतंय? ओला टांगतात, सुकला का काढतात. मी ह्यात येड्यावानी सुकलेला परत टांगते."

आमच्या सन्माननीय सभासदांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण खरा प्रकार तसाच होता. ते पोचले तेव्हा काम उरकलेलं होतं, ऊन मात्र सुंदर होतं, म्हणून त्यांनी मावशींना "जरा एक हातात धरून वर लावल्यासारखं करा" अशी विनंती केली होती.

मावशी थांबल्या नाहीत. बोंबील जोडीने टांगतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, एक दांडीच्या अलीकडे आणि एक पलीकडे. त्यांनी शेजारच्या पाटीतले दोन उचलून, तोंडात तोंड अडकवून आमच्या नाकासमोर धरून दाखवले. ओला बोंबील लिबलिबीत, जवळजवळ आरपार दिसणारा; जबडे मात्र कड्या घातल्यागत एकमेकांत बसले. "हितं फोटूत हा शेवटचा एकटाच हाय. एकटा कसा ऱ्हाईल? पडंल ना." चौकटीबाहेर जाणाऱ्या बोंबलावर आम्ही पाऊण तास घालवला होता. एकट्या बोंबलाकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

"आनि ही साडी. ही मी लग्नाला नेसते. तुमी बोलले चांगली नेसा, म्हनून नेसली. लग्नाची साडी नेसून बोंबलाला हात लावला, हे माज्या जावेनं बघितलं तर?"

मग त्यांनी फोटोच्या मागच्या, विरघळलेल्या सोनेरी भागावर बोट ठेवलं. "हितं आमची होडी होती. कुटं गेली?"

सभासदांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला, की महागड्या लेन्सचा तोच तर गुण असतो, मागचं धूसर होतं आणि माणसाकडे लक्ष जातं. मावशींनी लेन्सची किंमत विचारली. त्यांनी सांगितली. "एवडं पैसं होडी पुसायला?" शेजारीण पुन्हा हसायला लागली. एव्हाना त्यांच्याभोवती आणखी दोघी-तिघी जमल्या होत्या, आणि पुठ्ठा हातोहात फिरत होता. एकीने सांगितलं, ऊन एवढं तिरपं असतं तेव्हा त्या बाजाराच्या गडबडीत असतात. दुसरीने विचारलं, कुत्रे कुठे आहेत? बोंबील टांगलेत आणि खाली कुत्रं नाही, मांजर नाही, वर कावळा नाही, असं कधी होतं का? हे तिघंही आमच्या संगणकवाल्या मुलाने बोट फिरवून घालवले होते. तो आमच्यातच, सगळ्यांच्या मागे, चपलेतली वाळू झटकत उभा होता.

शेवटी मावशींनी विचारलं, "स्पर्धेत गेला बोलले ना? किती भेटले?"

"तसे पैसे नसतात मावशी. उलट प्रवेशशुल्क असतं."

"म्हंजे पैसं तुमीच दिलं?"

"हो."

मावशींनी पुठ्ठा काळजीपूर्वक गुंडाळायचा प्रयत्न केला, तो गुंडाळला जाईना, तेव्हा आडवा टोपलीवर ठेवला. मग त्यांनी कागदात बांधून थोडे सुके बोंबील आमच्या हातावर ठेवले. पैसे घेईनात. एकूण हिशेबात हा माणूस बराच घाट्यात दिसतोय, असं त्यांना वाटलं असावं.

परतताना रिक्षात सगळे गप्प होते. पापडीपर्यंत आल्यावर नावामागे अक्षरं असलेले गृहस्थ म्हणाले, "इतकी वर्षं सलोनला पाठवतोय, पण असं कोणी बघितलं नव्हतं." ते रागावलेले नव्हते. खिशातून बिलाचा चिटोरा काढून ते त्याच्या पाठीवर लिहीत होते : ओले बोंबील, जोडी, रोजची साडी, होडी, कुत्रा.

पुढच्या बैठकीत त्यांनी नवा फोटो आणला. सकाळची वेळ, ऊन चक्क पांढरं. मावशींच्या अंगावर मळका झंपर, दांडीवर ओल्या बोंबलांच्या जोड्या, त्यातून टपकणारं पाणी. मागे होडी नंबरासकट स्पष्ट, तिच्यावर निळी ताडपत्री, मधून गेलेली विजेची तार, आणि खाली एक कुत्रं वर बघत बसलेलं. अध्यक्षांनी मान तिरकी केली. सर पट्टी घेऊन उठले. औषधवाले म्हणाले, "ती ताडपत्री तेवढी काढा."

ताईंनी तिथेच ठराव मांडला, की यंदाच्या वार्षिक प्रदर्शनाला परीक्षक म्हणून पाचूबंदरच्या मावशींना बोलवावं. अंकल, जे वर्षातून एकदा बोलतात, ते "अनुमोदन" म्हणाले. मोठा वाद झाला. त्यांची पात्रता काय, नावामागे काय लावायचं, गुणपत्रक त्या भरतील का, देखाव्याच्या विभागात त्यांना काय कळणार. शेवटी मत घेतलं, आणि एका मताने ठराव पास झाला.

मावशींना विचारायला ताईच गेल्या. मावशी तयार आहेत, पण त्यांच्या दोन अटी आहेत. एक, सकाळी होडी लागते तेव्हा बोलवायचं नाही. दोन, ज्याच्या फोटोत माणूस असेल त्याने त्या माणसाला फोटोची प्रत दिलेली असली पाहिजे. दिली नसेल तर तो फोटो त्या बघणारच नाहीत. पहिली अट मंडळाने एकमताने मान्य केली आहे. दुसरीवर चर्चा चालू आहे, कारण ती मान्य केली तर प्रदर्शनात फक्त बगळे उरतात, आणि ते अंकलचे आहेत.